खांबावरचं फडकं

३ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टरनी सांगितलंय, राग आला की तोंड उघडायचं नाही, लिहायचं. म्हणून ही डायरी. दिलीही त्यांनीच. औषधाच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरं मूत्रपिंड छापलंय. सिस्टर म्हणजे पुलाजवळच्या दवाखान्यातल्या नर्स. आज ब्लडप्रेशर मोजून झाल्यावर म्हणाल्या, "कप्तान, एक तर गोळ्या वाढवू या, नाहीतर तुमचं बोलणं कमी करू या. तुम्हीच ठरवा." मी बस चालवतो, जहाज नाही, हे त्यांना कितीदा सांगून झालं.

तर आजचा राग. हेडमास्तरांनी माझ्याच बसमध्ये, माझ्याच पाठीमागच्या काचेवर कागद चिकटवला. "आपली पॅसेंजर परत हवी. शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा." म्हणजे माझी बस बंद करायची सभा, आणि तिची जाहिरात माझ्या बसमध्ये.

नदीकाठानं रूळ अजून आहेत. खाणीची खडी नेणारी मालगाडी त्यावरून अधूनमधून कण्हत जाते. पूर्वी पॅसेंजरही जायची. ती परवडत नाही म्हणून बंद केली, तिच्या जागी ही बस आली आणि बसबरोबर मी. आता वरून हुकूम आलाय की बंद पडलेल्या छोट्या मार्गांवर पुन्हा पॅसेंजर सुरू करता येतील का ते बघा. त्यात आमचाही मार्ग आहे. हेडमास्तर रिटायर झाल्यापासून रिकामेच होते. त्यांनी लगेच समिती काढली.

गाडीचं काय, स्टेशनात येणार, शिट्टी मारणार, चालती होणार. माझ्या बसला फडकं कळतं. ही पद्धत कोणी काढली आठवत नाही. रस्ता वळणावळणाचा, घरं वर चढावर. घरातून बस दिसत नाही नि बसमधून घर. म्हणून ज्याला यायचंय त्यानं आपल्या वाटेच्या तोंडाशी जो खांब आहे त्याला फडकं बांधायचं. कोंबडीआजीचं निळ्या चौकड्यांचं, पाववाल्याचा पिठानं माखलेला अ‍ॅप्रन, हेडमास्तरांचा जुना मफलर, सिस्टरचा पांढरा नॅपकिन. फडकं दिसलं की मी थांबतो, माणूस उतरून येईपर्यंत. फडकं आहे आणि मी सोडून गेलोय असं आजवर झालेलं नाही. कुठली रेल्वे हे करेल?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सभेला गेलो. शेवटच्या रांगेत बसलो, म्हणजे रागानं उठून जायला सोपं. स्टेजवर हेडमास्तर, आणि त्यांच्या शेजारी कोण, तर माझी मुलगी.

बबडी शहरात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. नोकरीला लागली तेव्हा पहिला महिनाभर माझ्याच बसनं जायची. शहरात उतरली की लॅबपर्यंत पळत सुटायची. एवढी कामाची आवड. मग तिथेच खोली घेतली. रविवारी येते, कधी तेही नाही. शहर आवडतं पोरीला, त्याला कोण काय करणार. पण समितीची सेक्रेटरी झाल्याचं तरी सांगायचं. सगळ्या गावाबरोबर मला कळलं.

बोलली मात्र छान. रूळ शाबूत आहेत. बोगद्यात पाणी झिरपतं ते थांबवावं लागेल. स्टेशनांची डागडुजी करावी लागेल. पण सरकार सगळ्यात आधी विचारणार की गाडीत बसायला माणसं आहेत का. त्यासाठी एक दिवस मोजणी होईल, आणि ती माझ्या बसमधल्या प्रवाशांची. बस भरलेली दिसली तर प्रस्ताव पुढे सरकेल, रिकामी दिसली तर तिथेच संपेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून बसलो होतो, तरी एकदा सुटलीच.

कोणीतरी विचारलं, "मग बसचं काय?" बबडी जरा घुटमळली, पण म्हणाली, "गाडी आली की या मार्गावरची बस बंद होईल." खोटं बोलायची तिला पहिल्यापासून सवय नाही. आईवर गेलीय.

सभेनंतर पाववाल्याच्या दुकानात सगळे चहाला जमले. मी ठरवलं होतं बोलायचं नाही. पण पाववाला म्हणाला, "काय रे, गाडी आली तर तू काय करणार?" मग बोललो. म्हटलं, "आणा तुमची गाडी. मी घरी बसेन नि भिंतीकडे बघेन. बायको गेल्यापासून ही बस आहे म्हणून मी माणसांत आहे. तीही काढून घ्या." एवढंच बोललो, फार नाही. पाववाला ट्रे पुसत होता, तो पुसायचा थांबला. कोंबडीआजीचा चहा तसाच राहिला. मग मी निघालो, शेवटची खेप होती.

बबडी त्याच खेपेनं शहरात परत गेली. लहानपणी माझ्या शेजारच्या पुढच्या सीटसाठी भांडायची. आज सगळ्यात मागे बसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डेपोच्या साहेबांनी पुन्हा बोलावलं. पहिली खेप पुन्हा उशिरा. शिलाईच्या कारखान्यातल्या मुली पोचल्या तेव्हा फाटक बंद झालं होतं, त्यांचा अर्धा दिवस गेला. कारखान्यानं डेपोला कळवलं. साहेब म्हणाले, "अहो, बस वेळेवर न्यायची असते."

मी म्हटलं, "साहेब, आजीचं फडकं लागलं होतं." ते म्हणाले, "कसलं फडकं?" आता यांना काय समजावणार. आजींचे गुडघे दुखतात. काठी टेकत, कोंबड्यांना आत कोंडून, दाराला कडी लावून, पुन्हा कडी लागली का ते बघून त्या खाली येतात. त्यांना तसंच टाकून जाऊ? मुलीही काही बोलल्या नाहीत. एकजण पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत होती खरी, पण नवीन असेल, मिरवत असेल.

सिस्टरनी उतरताना विचारलं, "आज किती पानं?" म्हटलं एक. त्या म्हणाल्या, "बरं झालं, मला दोनाची भीती होती."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणीचा दिवस ठरला, सत्तावीस तारीख. बबडीचा फोन. "बाबा, त्या दिवशी सगळ्यांना बसनं यायला सांगाल का? तुमचं ऐकतील."

"मी तुझ्या गाडीची जाहिरात करू?"

"नका करू. निदान कुणाला अडवू नका."

मी म्हटलं, "मी आजवर कुणाला अडवलंय? मी तर सगळ्यांसाठी थांबतो."

ती म्हणाली, "हो. तेच तर." आणि फोन ठेवला. तेच तर काय? हल्लीच्या मुलांना वाक्य पुरं करायचा कंटाळा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लोकांचं काहीतरी चाललंय. कोंबडीआजींनी आज अंडी दिली, कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुला चांगला म्हणायला कारण लागतं होय रे?" पाववाल्यानं गरम लादी हातात कोंबली. शिलाईच्या मुली उतरताना एकेक करून "येते काका" म्हणाल्या. एरवी पळतात. आणि मी आरशातून मागे बघितलं की सगळ्यांचं बोलणं बंद.

मला काही कळत नाही असं नाही. गाडीसाठी सगळे एक झालेत आणि माझ्यापासून लपवतायत. निरोपाच्या आधीचं गोड बोलणं आहे हे. अंडी मात्र ताजी होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहितो.

मोजणीवाली मुलगी वरच्या स्टँडवरच चढली. गळ्यात ओळखपत्र, हातात मुठीत मावेल असं यंत्र. दाबलं की टक् होतं आणि आकडा पुढे जातो. तिनं स्वतःची ओळख करून दिली, पुढच्या सीटवर बसली. मी सकाळीच काच पुसली होती, सीटा झटकल्या होत्या. गाडी येवो न येवो, माझी बस भरलेली दिसायला हवी असं मला वाटलं. ते का वाटलं सांगता येणार नाही.

पहिला खांब, फडकं नाही. दुसरा, नाही. हेडमास्तरांचा मफलर तेवढा लागलेला. ते चढले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाकीचे कुठे आहेत?" कोंबडीआजींच्या खांबाशी मी तरीही थांबलो. इंजिन चालू ठेवून बसलो. मुलगी म्हणाली, "काका, इथे कोणी नाहीये." म्हटलं, "येतील. गुडघे दुखतात त्यांचे." कोणी आलं नाही. वर अंगणात त्या दिसल्या, मला बघून कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेल्या.

पुढच्या उतारावर पाववाला सायकलवरून पावाचे ट्रे बांधून चाललेला. त्याला सायकल धड येत नाही. खाणीचा ट्रक मला मागे टाकून गेला तर त्यात खडीच्या ढिगावर शिलाईच्या मुली बसलेल्या, ओढण्या तोंडाला गुंडाळून. आणि पुलाच्या अलीकडे सिस्टर, छत्री घेऊन पायी. बस थांबवली, दार उघडलं.

"आज पाय मोकळे करायचेत, कप्तान," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्ही व्हा पुढे."

दिवसभर सगळ्या खेपा अशाच. परगावचे काही, चुकून चढलेले. ते यंत्र टक् करायला विसरलं होतं. हेडमास्तर शहरात उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांचा प्रस्ताव मेला, तरी माझं सांत्वन करावंसं वाटलं त्यांना.

मला आनंद व्हायला हवा होता. गाडी गेली, बस राहिली. पण खडीच्या ट्रकात बसतील, सायकलवरून पडतील, पायी जातील, पण माझ्या बसमध्ये बसणार नाहीत, इतकं काय केलं मी यांचं? आज आहे तो राग नाहीये. दुसरंच काहीतरी आहे, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बबडीचा फोन. "बाबा, तुम्हीच सांगितलंत ना लोकांना? येऊ नका म्हणून?"

मी "नाही" म्हणू शकलो असतो. पण ज्या मुलीला मी खांद्यावर बसवून शाळेत सोडलं तिनं मला हे विचारावं? मी फोन ठेवून दिला. गोळी घेतली. पुन्हा फोन वाजला, उचलला नाही.

३ मार्च, सोमवार

सिस्टर शेवटच्या खेपेला सगळे उतरल्यावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर मला झोप लागेना. तुम्हाला पाववाल्याकडे काय बोललात ते आठवतंय?"

म्हटलं, "फार काही नाही."

"भिंतीकडे बघत बसेन म्हणालात. बस आहे म्हणून माणसांत आहे म्हणालात. आजी त्या दिवशी घरी जाऊन रडल्या. मग आम्ही सगळे पाववाल्याकडे जमलो नि ठरवलं. त्या दिवशी बसमध्ये कोणी बसायचं नाही. बस रिकामी दिसली की गाडीचा प्रस्ताव बारगळेल आणि तुमची बस चालू राहील."

मी म्हटलं, "सिस्टर, रिकामी बस कोण चालू ठेवेल?"

त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"पॅसेंजर गेली ती रिकामी होती म्हणूनच ना? अख्ख्या खोऱ्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही हे?"

"हेडमास्तरांच्या आलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं."

मला हसू आलं. हसता हसता दुसरंच काही आलं, तेव्हा मी आरसा पुसायला घेतला. सिस्टर दुसरीकडे बघत राहिल्या, तेवढं त्यांना कळतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता बोलतेच आहे तर पुरं बोलते. बबडीनं शहरात खोली का घेतली माहीत आहे?"

"तिला शहर आवडतं."

"तिला शहर मुळीच आवडत नाही. पहिला महिनाभर ती रोज उशिरा पोचली. लॅबमध्ये बोलणी खाल्ली. तुम्ही आजींसाठी थांबलात, पाववाल्यासाठी थांबलात, माझ्यासाठीसुद्धा. मी तिच्या शेजारच्याच सीटवर असायची, तिचं तोंड बघायची. ज्या बापाचं अख्खं खोरं कौतुक करतं त्याला ती कसं सांगणार, की बाबा, थांबू नका म्हणून?"

ती पळायची. बसमधून उतरली की पळत सुटायची, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून कौतुकानं बघायचो.

घरी आलो. तिची खोली उघडली. पलंगावर मी डेपोचे जुने गणवेश ठेवलेत, एवढीच वापरतो ती खोली. गणवेश उचलून कपाटात ठेवले. मला तिची फार आठवण येते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, आज इथे लिहितोय.

५ मार्च, बुधवार

शहरात खेप संपल्यावर मोजणीच्या ऑफिसात गेलो. तिसरा मजला, बंद पडलेली लिफ्ट, जिन्यात मोडक्या खुर्च्या. ती मुलगी कॉम्प्युटरपाशी डबा खात होती. मला बघून उभी राहिली.

म्हटलं, "त्या दिवशीचा आकडा खोटा आहे. पुन्हा मोजा."

तिनं सगळं ऐकून घेतलं. सायकलचं, ट्रकचं, छत्रीचं. एकदा हसली, मग हसणं आवरलं. म्हणाली, "मलाही वाटलंच होतं. पण ड्रायव्हरनं स्वतः सांगितलं तरच पुन्हा मोजता येतं." टाइप करायला लागली. मधेच थांबली. "काका, पण मग गाडी आली तर तुमची बस जाईल."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

मला खूप काही सांगता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, "माझी बस कधी रिकामी नसते. रिकामी होती असं कुठे लिहिलेलं मला चालणार नाही." खरं कारण घरातल्या एका पलंगावर होतं, ते ऑफिसात काय सांगायचं.

दुसरी मोजणी अठरा तारखेला ठरली, आणि नियम असा निघाला, की तिला तोच ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे त्या दिवशी मी सुट्टीवर. नोकरीत पहिल्यांदाच सरकार मला सक्तीनं घरी बसवणार.

तिथूनच बबडीला फोन केला. "मी सांगितलं नव्हतं लोकांना." ती म्हणाली, "कळलं मला. सिस्टरमावशींनी सांगितलं." मग म्हटलं, "तू का पळायचीस ते आत्ता कळलं." ती रडायला लागली, आणि मी ऑफिसच्या जिन्यात मोडक्या खुर्च्यांमध्ये उभा राहून "बरं बरं, पुरे" एवढंच म्हणत राहिलो. याहून बरं काही सुचायला हवं होतं.

त्यानंतर पाववाल्याकडे गेलो आणि सगळ्यांना झाडलं. सिस्टरदेखत झाडलं, त्यांनी अडवलं नाही. म्हटलं, माझ्यावर एवढीच माया असेल तर अठरा तारखेला प्रत्येकाचं फडकं खांबावर पाहिजे. कोंबडीआजी म्हणाल्या, "आणि तू भिंतीकडे बघत बसलास तर?" म्हटलं, "तुमच्याकडे येऊन कोंबड्यांकडे बघेन."

१४ मार्च, शुक्रवार

बदली ड्रायव्हर येऊन गेला. तरुण आहे, हात चांगला आहे. त्याला बसमधून सगळा रस्ता दाखवला. कुठे फडकं, कुणाचं फडकं, किती थांबायचं. तो "हो काका, हो काका" म्हणत होता. कानात काहीतरी घातलेलं होतं. ते वाजत होतं की नाही मला विचारवलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

बबडी कालच आली होती. तिच्याच खोलीत झोपली. सकाळी मी उठण्याआधी तिनं चहा केला होता. आम्ही दोघं चहा पीत बसलो आणि मी घड्याळाकडे बघत होतो. बस वरच्या स्टँडवरून निघाली असेल. आता पहिलं वळण. ब्रेक लवकर दाबायला हवा, नाहीतर मागचे आपटतात, हे त्याला सांगायचं राहिलंच.

बबडी म्हणाली, "बाबा, आपलं फडकं?"

आमच्या खांबाला कधी फडकं लागलेलंच नाही. मी बसबरोबरच येणार, बसबरोबरच जाणार, मला कशाला फडकं? घरात शोधलं. शेवटी बसची काच पुसायचा जुना पिवळा कपडा मिळाला, ग्रीसचे डाग पडलेला. तो बांधला आणि आम्ही दोघं खांबाखाली उभे राहिलो.

बस आली. भरधाव. माझ्या खांबासमोरून, माझ्या फडक्यासमोरून सरळ निघून गेली.

खांबापाशी उभं राहून बस निघून गेलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. बबडी तर पळायलाही लागली होती, जुनी सवय. तेवढ्यात बसमधून असा काही कालवा उठला की मालगाडीसुद्धा थांबली असती. आजींची काठी खिडकीबाहेर आली. बस पुढे जाऊन थांबली आणि मग त्या गाढवानं ती वळणावर मागे घ्यायला सुरुवात केली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी "नको, नको, तिथेच थांब" ओरडत होतो. ब्लडप्रेशरचं आज विचारू नका.

चढलो. पाय ठेवायला जागा नव्हती. पाववाला, त्याची बायको, शिलाईच्या मुली, हेडमास्तर मफलर गळ्यातच घालून, आजी मांडीवर कोंबडी घेऊन. म्हटलं, "आजी, हिला कशाला?" त्या म्हणाल्या, "घरी एकटी राहत नाही." नंतर कळलं, आमच्याआधीचेही दोन खांब तो सोडून जात होता, दोन्ही वेळा आजींनीच काठी आपटून थांबवलं होतं.

मोजणीवाली दारापाशीच उभी होती. बबडी चढली, टक्. मी चढलो. तिनं यंत्र धरलं, पण दाबलं नाही. "काका, तुम्हालाही मोजू?"

"मोज की. मी काय फुकट उभा होतो खांबाखाली?"

टक्.

सिस्टरनी सीटवर पिशवी ठेवली होती, ती उचलली. मी त्यांच्याशेजारी बसलो. इतकी वर्षं या रस्त्यावर मी फक्त समोर बघितलंय. आज बाजूच्या खिडकीतून पाहिलं. खाली नदी, नदीकाठानं रूळ, बोगद्याचं तोंड, गवतात बुडालेलं जुनं स्टेशन. सिस्टर म्हणाल्या, "छान दिसतं ना? मी रोज तुम्हाला दाखवणार होते, पण तुमचं लक्ष रस्त्यावर." मी म्हटलं, "रस्त्यावर नको तर कुठे हवं?" त्या हसल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी काही विनोद केला नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार

प्रस्ताव पुढच्या टप्प्यात गेला. पाववाल्याकडे सगळे जमले होते. हेडमास्तरांनी उभं राहून वाचून दाखवलं: आता सविस्तर पाहणी, मग मंजुरी, मग बोगदा, पूल, स्टेशनं. सगळं सुरळीत झालं तर पहिली गाडी सहा वर्षांनी.

पाववाला म्हणाला, "आणि तोवर हा?"

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा? हा चार वर्षांनी रिटायर होतो. याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख मीच लिहिली आहे."

मीही मनात हिशोब केला, आणि हेडमास्तर बरोबर होते. म्हणजे सायकल, ट्रक, छत्री, एवढा सगळा घोळ कशासाठी, तर जी नोकरी तशीही संपणार होती ती वाचवायला. आणि हे मलाच सुचलं नव्हतं. बबडीला आधी हसू आलं. मग सगळ्यांना. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षांनी पुन्हा भिंतीचा प्रश्न आहेच." सिस्टर म्हणाल्या, "तेव्हाचं तेव्हा बघू. भिंतीशिवाय दुसरं काही बघायला मिळेल त्यांना." हे त्या कोणत्या अर्थी म्हणाल्या ते विचारायचं राहिलं. पाववाला मात्र उगाच खोकला.

हसणं संपल्यावर मी बोललो. गाडीला सहा वर्षं आहेत, माझी मुलगी सहा वर्षं थांबू शकत नाही. शिलाईच्या मुलीही नाहीत. म्हटलं, फडकं राहू दे, पण यापुढे माणूस फडक्याखाली उभा पाहिजे. कुणी घरातून येईपर्यंत मी थांबणार नाही. मला वाटलं, रागावतील. पाववाला उठला, मागच्या खोलीत गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. "ही आजींच्या खांबाखाली ठेवू. आधीच येऊन बसतील." आजी म्हणाल्या, "उशी पण दे." झालं. एवढ्या वर्षांत कोणालाच जमलं नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

आज राग आलेला नाही. तरी लिहितोय.

बबडीनं शहरातली खोली सोडली. काल सामान आणलं, माझ्याच बसच्या मागच्या सीटवर टाकून. आज मी नेहमीसारखा अंधारात स्टँडवर गेलो. पहिली खेप काढली. खांबाखांबाला फडकं, फडक्याखाली माणूस. आजी खुर्चीवर, उशीसकट. आमच्या खांबाला पिवळा कपडा, आणि खाली बबडी, पिशवी खांद्याला लावून. दार उघडलं, ती चढली आणि सरळ पुढच्या सीटवर बसली. मला गिअर टाकायला जरा वेळ लागला, तेव्हा मागून सिस्टर म्हणाल्या, "कप्तान, निघायचं ना?"

शहरात वेळेत पोचलो. बबडी उतरली. मी सवयीनं आरशात बघितलं.

ती लॅबकडे चालत गेली.